शरणम्मांनी कबूल केलेला उंट

वजनमापे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने उंटाच्या भानगडीत पडू नये. उंट हे जनावर कुठल्याच काट्यावर नीट उभं राहत नाही, आणि माणिकप्पांचा तर जन्म काट्यांवर नजर ठेवण्यात गेलेला. लातूरच्या आडत बाजारात ते तपासणीला निघाले की दुकानादुकानांतून माणसं उठून उभी राहायची. तो मान होता की धास्ती, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर कुणी उठेनासं झालं तेव्हा उत्तर आपोआप मिळालं, पण तेही त्यांनी मनावर घेतलं नाही. अशा माणसाने सत्तरी गाठल्यावर दाराशी कडब्याची पेंढी ठेवून उंटाची वाट बघत बसावं, हे काही शोभणारं नव्हतं. पण शब्द गेलेला होता. तो त्यांचा नव्हता, बायकोचा होता, आणि बायको आता नव्हती. म्हणून तर तो मोडता येईना.

त्यांची लेक मंजुश्री लग्नानंतर नवऱ्याबरोबर स्पेनला गेली, ती तिकडेच वलेन्सिया नावाच्या गावात राहिली. तिचा मुलगा शिवांश तिथलाच जन्मलेला, सहा वर्षांचा, लातूर त्याने फक्त फोनमध्ये पाहिलेलं. पण मराठी मात्र अशी बोलायचा की ऐकणाऱ्याने लातूरच्या गंजगोलाई बाजारातलं पोर समजावं, कारण ती त्याला शरणम्मांनी फोनवरून शिकवली होती. दुपारची भांडी झाली की त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि तासभर आजी-नातवाचं चालायचं. तिकडच्या सणांची सगळी माहिती शरणम्मांना झाली ती अशी. वर्ष सरताना रात्रीच्या बारा ठोक्यांना तिकडे बारा द्राक्षं खातात हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या घाईनं? ठसका लागंल की रे!"

त्यांना सगळ्यात आवडले ते तीन राजे. स्पेनमधल्या पोरांची खरी भिस्त नाताळबाबावर नसते, या राजांवर असते. जानेवारीच्या पाच तारखेला रात्री ते उंटांवर बसून पूर्वेकडून येतात. पोरं झोपण्याआधी आपले बूट पुसून दाराशी मांडतात आणि शेजारी उंटांसाठी गवत न् पाणी ठेवतात. सकाळी गवत खाल्लेलं असतं, पाणी प्यालेलं असतं आणि बुटांत भेटी असतात. वर्षभर खोड्या केल्या असतील तर कोळसा.

"राजाचं ऱ्हाऊ द्या," शरणम्मा नवऱ्याला म्हणाल्या, "पन मुक्या जनावराला आधी वैरनपानी इचारतेत. चांगली मान्सं दिसतेत."

गेल्या जानेवारीत शिवांशने विचारलं, "आजी, तुज्याकडं येतेत का राजे?"

"येतेत की! माळेगावच्या जत्रेला दरसाल उंट येतेत. माळेगावहून लातूर असं किती लांब हाय? तू ये पुढच्या बारीला. कडबा मी काढून ठिवते."

आणि संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक असतानाच शरणम्मा गेल्या. सकाळी अंघोळ करून, पूजा करून, चहाचं आधण ठेवून, अनवाणी पायांनी न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. मंजुश्री पोचली तेव्हा समाधीवरची माती वाळायला लागली होती. ती एकटीच आली, चार दिवस राहिली आणि गेली.

त्यानंतर फोन रविवारचा झाला. माणिकप्पांना नातवाशी काय बोलावं ते कळायचं नाही. ते विचारायचे, "जेवलास का?" पोर म्हणायचं, "हाव." मग ते म्हणायचे, "बरं, आईला दे." एवढंच. पोराने त्यांचं नाव 'जेवलास आजोबा' ठेवलंय असं मंजुश्रीने हसत हसत सांगितलं. माणिकप्पाही हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या नावाचा विचार करत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं.

शरणम्मांच्या चपला दारातच होत्या. अंगठ्याच्या, साध्या, डावीची टाच थोडी जास्त झिजलेली. समोरच्या साखराबाईंनी दोनदा सांगून पाहिलं, "भाऊ, गेलेल्या मान्साच्या चपला दारात ठिवू न्हाई. कुना गरिबाला देऊन टाका." माणिकप्पांनी ठसक्यात उत्तर दिलं, "चोराला वाटावं घरात बाईमाणूस हाय, म्हणून ठेवल्यात." शेजारचे गुंडप्पा म्हणाले, "मग एक कुत्रं पाळा की." पण ते चोराचं कारण खोटं आहे हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फार ताणलं नाही. माणिकप्पा रोज त्या चपला उचलून खालची धूळ झाडायचे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचे.

डिसेंबरात मंजुश्रीचा फोन आला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, पण तिला मिळाली होती. तिकिटं काढायची होती आणि शिवांश अडून बसला होता.

"अप्पा, तो म्हणतो पाच तारखेला मी इथंच पाहिजे. आजी असती तर तिकडं राजे आले असते. आता उंटाला कडबा कोण घालणार? मी काय सांगू त्याला?"

"मी घालणार म्हणून सांग," माणिकप्पा म्हणाले आणि फोन ठेवला. कडबा सोपा होता. उंटाचं काय?

बातमी गल्लीत पसरायला गुंडप्पांना एकदा सांगणं पुरेसं असे. संध्याकाळी ओसरीवर बैठक भरली. साखराबाईंनी मुळापासून सुरुवात केली. "तिघं राजे मनजे? दत्तावानी हायेत का?" दत्ताला तीन तोंडं असतात, हे तीन वेगवेगळे इसम आहेत, असं माणिकप्पांनी समजावून सांगितलं. "मग उंट बी तीन लागतेत की!" गुंडप्पा म्हणाले. एका उंटावर भागवावं यावर कशीबशी तडजोड झाली. मग गुंडप्पांनी तोडगा काढला. लग्नाच्या वरातीतला घोडा आणायचा, त्याच्या पाठीवर उशी बांधायची आणि वर चादर टाकायची. अंधारात पोराला काय दिसतंय! उशी कुणाच्या घरची घ्यायची यावरही थोडी चर्चा झाली. शेवटी साखराबाईंनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. "भाऊ, कशाला एवढा खटाटोप? लेकरू झोपलं की निम्मा कडबा उचलायचा, निम्मं पानी झाडाला घालायचं. सकाळी मनायचं, खाल्ला बग उंटानं."

तिकडे स्पेनमध्येही घरोघरी हेच करतात. मंजुश्रीनेही फोनवर तेच सुचवलं होतं. पण माणिकप्पा ताठ झाले. "म्हणजे खोटं माप. सगळी नोकरी मी लोकांची खोटी मापं जप्त केली, आणि आता नातवाला खोटं माप देऊ? तिनं उंट येतो असं सांगितलंय. उंट येईल."

पुढे जे झालं ते इतर कुणाच्या हातून झालं नसतं. गल्लीतून कुणी उंट नेला असता तर लोकांनी फोटो काढले असते आणि विषय संपला असता. माणिकप्पांनी परवानगीचा अर्ज केला.

'विषय: दि. ५ जानेवारी रोजी सायंकाळी राहत्या घरासमोर एक (१) उंट थोडा वेळ उभा करणेबाबत.' महापालिकेच्या कचेरीतल्या टेबलामागे आनंदराज नावाचा गरीब स्वभावाचा तरुण कारकून होता. त्याने अर्ज वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, कशाला अर्ज करून राहिलेत? आना की उंट. कोन इचारतंय?"

"नियमानं व्हायला पाहिजे."

"साहेब, अर्ज आत घेतला की त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायचं मनजे कुनीतरी सही करावी लागती. उंटावर कोन सही करतंय?"

माणिकप्पांना हा पोऱ्या कामचुकार वाटला. त्यांनी आग्रहाने शिक्का मारून घेतला. वरच्या साहेबांनी विचारलं, उंट प्रवासी धरायचा की मालवाहू? माणिकप्पा म्हणाले, "पाहुणा धरा." साहेबांना ते उद्धट वाटलं. मग जनावरांच्या दवाखान्याचा दाखला लागला. तिथे डॉक्टर म्हणाले, आधी जनावर दाखवा. जनावर अजून माळेगावलाही पोचलेलं नव्हतं. प्रकरण मिरवणुकीत मोडतं असं कुणीतरी ठरवलं, म्हणून रहिवाशांची ना-हरकत लागली. ती द्यायची गुंडप्पांनी, कारण गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष तेच. आणि आपल्याला आधी न विचारता परस्पर अर्ज केला म्हणून गुंडप्पा रुसलेले. ओसरीवर दोनदा चहा पाजल्यावर त्यांनी सही केली, पण 'उंटाने घाण केल्यास जबाबदारी अर्जदाराची' असं खाली लिहून. अर्ज आत गेला, त्याची एक प्रत पोलिसांकडे गेली, आणि मूळ अर्ज तिथेच बसला. आनंदराज एवढंच म्हणाला, "मी मनलं व्हतं, साहेब."

दरम्यान माळेगावची जत्रा भरली. रुसवा निघाल्याच्या खुशीत गुंडप्पा बरोबर आले. एसटीत माणिकप्पांना खिडकी मिळाली, आणि अहमदपूर मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारी जागा सोडून ते थोडे अंग चोरून बसलेत. शरणम्मा बरोबर असल्या की पिशवीसकट तेवढी जागा त्यांना लागायची. गुंडप्पा सडपातळ होते, एवढी जागा त्यांना नको होती. तरी माणिकप्पा तसेच बसून राहिले.

जत्रेत घोडे, गाढवं, बैल, कुत्री आणि लांब कडेला मोजके उंट होते. उमरीचा भुजंग पोरांना उंटावरून फिरवत होता. उंटीण होती ती, नाव शहजादी. भुजंगने सगळी हकीकत ऐकून घेतली. "औशाकडंच चाललाव जत्रा उलगली की. लातूर वाटंवरच हाय. येतो की साहेब, त्यात काय एवढं." कचेरीत इतके दिवस जे जमलं नाही ते एका वाक्यात जमलं, याचा माणिकप्पांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना थोडा अपमानच वाटला. तो भरून काढायला ते शेजारच्या वैरण विकणाऱ्याकडे वळले. त्याचा काटा त्यांना तिरका दिसला. त्यांनी जुन्या आवाजात विचारलं, "शिक्का कधीचा आहे?" माणसाने शांतपणे काटा पुढे केला. काटा अगदी बरोबर होता. "बाबा, काटा सरळ हाय. तुमीच तिरके उभारलाव," तो म्हणाला. गुंडप्पा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. तेवढ्यात शहजादीने मागून मान वाकवून माणिकप्पांच्या गळ्यातला मफलर ओढला आणि चघळायला सुरुवात केली. तो शरणम्मांनी विणलेला होता. माणिकप्पांनी तो दोन्ही हातांनी इतक्या जोराने ओढला की भुजंग घाबरून म्हणाला, "साहेब, दुसरा घ्या की, जत्रेत ढिगानं हायेत." ओला, एका टोकाला उसवलेला मफलर त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर रिकामं होतं, अख्खं गाव शेतात जेवायला जातं. दरवर्षी शरणम्मा आदल्या रात्रीपासून पालेभाज्यांच्या भज्जीच्या आणि ताकाच्या आंबिलाच्या मागे असायच्या, आणि भावाच्या शेतातल्या कडब्याच्या खोपटात, कोपीत, मांडलेल्या पांडवांना नैवेद्य दाखवताना नवऱ्याला "टोपी काढा, टोपी" म्हणून दटावायच्या. यंदा मेव्हण्याचा फोन आला तेव्हा माणिकप्पांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. रिकाम्या गल्लीत ते दिवसभर एकटे बसले. संध्याकाळी साखराबाईंनी भज्जीचा डबा आणून दिला. भज्जी चांगली होती. चांगली होती म्हणूनच दोन घासांनंतर त्यांना ती जाईना.

जानेवारीच्या तीन तारखेला मंजुश्री आणि शिवांश आले. रिक्षातून उतरून मंजुश्री दारात थबकली. चपला तिला दिसल्या. तिने आपले बूट काढून त्यांच्याशेजारी ठेवले आणि आत गेली. शिवांश आजोबांकडे खालून वर बघत राहिला.

"जेवलास का?" माणिकप्पांच्या तोंडून निघून गेलं.

"हाव. इमानात," शिवांश म्हणाला. माणिकप्पांना वाटलं, फोनवर निदान 'आईला दे' तरी म्हणता यायचं.

राजांच्या सणाला तिकडे एक गोल, कड्यासारखा गोड पाव करतात आणि त्यात वालाचा एक दाणा लपवतात. ज्याच्या वाट्याला दाणा येईल त्याने पुढच्या वर्षी पाव द्यायचा. माणिकप्पांनी तो ओळखीच्या बेकरीतून करवून घेतला होता. चार तारखेला सगळ्यांनी खाल्ला आणि दाणा कुणालाच सापडला नाही. गुंडप्पांचा चेहरा तेवढा संशयास्पद होता. "कवळी हाय मला. काय गेलं ते मला कसं कळावं?" ते म्हणाले. शिवांश पहिल्यांदा हसला. हसताना त्याचा एक गाल शरणम्मांसारखा आत जायचा. माणिकप्पांनी मान फिरवली.

पाच तारखेला दिवस मावळायला शिवांशने बूट मांडायला घेतले. स्वतःचे लाल बूट रुमालाने पुसले, मग आईचे, मग आजोबांच्या फाटक्या चपला. गुंडप्पांनीही घरून एक बूट आणला, म्हणे बघू तर खरं. शेवटी शिवांशने शरणम्मांच्या चपला उचलल्या, उलट्या करून झटकल्या, पुसल्या आणि रांगेत सगळ्यात पुढे ठेवल्या. मंजुश्री काहीतरी बोलणार होती. माणिकप्पांनी हाताने थांबवलं. घमेल्यात कडबा ठेवला, बादलीत पाणी भरलं, आणि प्रवासाने शिणलेलं पोर अंधार पडायच्या आत झोपून गेलं.

शहजादी काही आली नाही. आला तो भुजंगचा फोन.

"साहेब, नांदेड नाक्यावर आडवलंय. हवालदार मनतोय, उंटाचा अर्ज आलेला हाय, त्याची प्रत हाय माझ्याकडं, मंजुरी दाखवा."

माणिकप्पा रिक्षाने नाक्यावर गेले. हवालदार सौजन्याने बोलला, त्यामुळे भांडताही येईना. "बाबा, अर्जच नसता तर मी इचारलंच नसतं. दिवसातनं चार उंट जातेत हितनं. पन तुमच्या उंटाची नोंद झाली ना! आता साहेब सकाळी येतील तवा सोडतो." नोंदीमुळेच घोटाळा होतो हे माणिकप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं. शहजादी खांबाला बांधलेली होती आणि रवंथ करत होती. त्यांना एकाएकी फार थकवा आला. असल्या वेळी शरणम्मा हवालदाराशी दोन शब्द बोलल्या असत्या, त्याची आई कोणत्या गावची ते विचारलं असतं, आणि उंट सुटला असता. आपल्याला हे कधीच जमलं नाही असं त्यांना वाटलं, आणि ते खरं होतं.

घरी येऊन ते घमेल्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी वाकून निम्मा कडबा काढला आणि न्हाणीघरात लपवला. निम्मं पाणी कढीपत्त्याला घातलं. आयुष्यातलं पहिलं खोटं माप. नातवाच्या बुटात त्यांनी गंजगोलाईतून आणलेला लहानसा पितळी तराजू ठेवला, लेकीच्या बुटात हिरव्या बांगड्या, आणि गुंडप्पांच्या बुटात कोळसा. शरणम्मांच्या चपलांपुढे ते नुसते उभे राहिले. तिने आयुष्यात काही मागितलं नव्हतं, त्यामुळे काय ठेवावं ते त्यांना सुचेना. ते तसेच आत गेले.

सकाळी शिवांशच्या आरोळीने गल्ली जागी झाली. "खाल्ला! आई, खाल्ला बग कडबा!" तराजू घेऊन तो अंगणभर नाचला. गुंडप्पांनी बुटात हात घालून काळा करून घेतला आणि अध्यक्षांचा असा अपमान या गल्लीत पूर्वी कधी झाला नव्हता असं जाहीर केलं. साखराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. माणिकप्पा मात्र पोराच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग शिवांश थांबला. रांगेत पुढे जाऊन त्याने आजीच्या चपलांमध्ये वाकून बघितलं.

"आजीच्यात कामून काई न्हाई?"

त्याने एक चप्पल उलटी करून झटकली.

"कोळसा बी न्हाई."

मंजुश्री आत निघून गेली. माणिकप्पा पायरीवर बसले. या वर्षभरात शरणम्मांबद्दल ते सगळ्यांना 'घरात नाहीत' असं सांगत आले होते. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, फोनवर विचारणाऱ्या जुन्या ओळखीच्यांना. दुसरा शब्द त्यांनी या दारात उच्चारला नव्हता.

"बाळा, आजी वारली रे," ते म्हणाले. "ती आता येत नसती."

"मला ठाव हाय," शिवांश म्हणाला. "आई बोलली. पन राजांना कुनी सांगितलं न्हाई का?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. पोरंटोरं पळाली, कुत्री भुंकायला लागली आणि कोपऱ्यावरून शहजादीची मान आत आली. पुढे भुजंग, डोळे तांबारलेले. "साहेब, आत्ता सोडलं बगा त्यांनी, काय करू..." तो पुढे बोलणार तोच साखराबाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

शिवांश जागच्या जागी उभा होता. एवढा मोठा उंट त्याने जवळून कधी पाहिला नव्हता. घाबरला होता, पण मागे सरला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "इसरले व्हते. मनून परत आले."

शहजादीने घमेल्यात तोंड घातलं आणि उरलेला कडबा संपवला. बादलीही कोरडी केली. शिवांशने तिच्या पाठीकडे, झुलीकडे, लोंबत्या पिशव्यांकडे नीट बघितलं. आजीसाठी काही आणलेलं दिसत नव्हतं. त्याने चपलांकडे बघितलं. मग आजोबांकडे वळला.

"आजोबा, आजी चपला न घालताच गेली का?"

माणिकप्पांना काहीतरी बनवून सांगता आलं असतं. खोट्या मापाचं त्यांना आता कालपासून वावडं राहिलं नव्हतं. पण ते खरं तेच म्हणाले, "हाव. अनवाणीच गेली."

"मग ह्यांच्यासंग दे की. तेवढ्यासाठीच आले असतील."

त्याने चपला उचलून आजोबांपुढे धरल्या. माणिकप्पांनी त्या घेतल्या, नेहमीप्रमाणे हाताने खालची धूळ झाडली, आणि उठले. खोगिराच्या दोरीपर्यंत त्यांचा हात पोचेना, तेव्हा भुजंगने शहजादीला खाली बसवलं. दारातल्या खुंटीवर जत्रेपासून तशीच टांगलेल्या पिशवीतून माणिकप्पांनी मफलर काढला. एका टोकाला उसवलेला, उंटिणीने चघळलेला. त्या मफलरने त्यांनी दोन्ही चपला एकत्र बांधल्या आणि दोरीला पक्की गाठ मारली. मग दुसरी मारली. भुजंग एवढंच म्हणाला, "पोचवतो, बाबा."

शहजादी उठली आणि औशाच्या दिशेने निघाली. चपला तिच्या कुशीवर हलत होत्या. डावीची झिजलेली टाच कोपऱ्यापर्यंत दिसत होती. मग वळण आलं.

दारात चपलांच्या जागी फरशीचा दोन पावलांएवढा तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ राहिला होता. माणिकप्पा त्याच्याशेजारी पायरीवर बसले. शिवांश तराजू मांडीवर घेऊन त्यांना टेकून बसला. आजोबांशी काय बोलावं ते त्यालाही सुचत नसावं. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं,

"जेवलास का?"

सकाळचे आठ वाजत होते. लातुरात त्या वेळी कुणीच जेवत नाही. पण त्या घरात माणिकप्पांना हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

"न्हाई रे बाळा," ते म्हणाले, "जेवलोच न्हाई," आणि वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक, नातवाच्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्या गल्लीदेखत ओक्साबोक्शी रडले. गुंडप्पा होते, साखराबाई होत्या, पण त्या दिवशी कुणी काही सल्ला दिला नाही.